भरतीच्या वेळची वाळू

गोव्यातल्या मोरजीचा किनारा दक्षिणेला जिथं संपतो, तिथं शापोरा नदी समुद्राला मिळते. पलीकडे टेकडीवर शापोऱ्याचा किल्ला, अलीकडे तेंबवाडा, आणि मधे वाळूची एक जीभ. दर पावसाळ्यानंतर तिचा आकार थोडा बदललेला असतो. गेल्या जानेवारीत, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास मी तिथं उभा होतो. उधाणाची भरती होती. पाणी चढत चढत वाळूचा एक अरुंद पट्टा तेवढा उरला होता आणि त्यावर काही शे पक्षी दाटीनं बसले होते. कुरव (सीगल), सुरय (टर्न) आणि त्यांच्या पायांशी चिमुकले चिखल्या पक्षी, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे.

एक कुटुंब आलं. आईनं मोबाइल धरला, बाबांनी "पळ!" म्हटलं आणि सात-आठ वर्षांचा मुलगा हात पसरून थव्यात घुसला. थवा उठला, पाण्यावरून एक वळसा घेऊन पुन्हा तिथंच उतरला, कारण त्या घडीला उतरायला दुसरी जागाच नव्हती. मग दुसरं कुटुंब आलं. मग तीन तरुण. मग किनाऱ्यावरचा एक कुत्रा. पाऊण तासात तो थवा नऊ वेळा उठला. मी मोजत होतो, कारण त्या क्षणी दुसरं काही करायचं मला सुचत नव्हतं.

थोड्या वेळानं त्याच कुटुंबानं शेवेचं पाकीट उघडलं. दोन-चार कुरव धीट होऊन हातभर अंतरावर आले. मी त्या बाबांजवळ जाऊन बोललो. कोल्हापूरकडचे होते, स्वभावानं सौम्य. मुलाला पक्षी जवळून दिसावेत म्हणून बागा-कळंगुटची गर्दी टाळून मुद्दाम इकडे आले होते. "काका, यांना आवडतं हो," ते म्हणाले, "बघा ना, हातातून घेतात." त्यांच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता, उलट आनंद होता. हा लेख त्या माणसाविरुद्ध नाही. तो आनंद खरा होता आणि मुलाच्या मनात तो राहावा असंच मला वाटतं. पण त्या आनंदाची किंमत कोण भरतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. ना हॉटेलवाल्यानं, ना सरकारनं, ना आम्ही इथल्या माणसांनी.

माझं म्हणणं असं आहे. माणसं आणि रानपक्षी एकाच पुळणीवर नांदू शकतात, नांदावेतही. पण किती जवळ यायचं हे ठरवण्याचा हक्क पक्ष्याचा असला पाहिजे. आणि तो हक्क नुसता कागदावर राहू नये यासाठी गोव्यातल्या नदीमुखांवरची थोडी वाळू, हिवाळ्याचे महिने, भरतीच्या वेळेपुरती पक्ष्यांसाठी सोडली पाहिजे.

भरतीच्या वेळेपुरतीच का, हे नीट सांगायला हवं, कारण सगळा प्रश्न तिथंच अडकला आहे. किनाऱ्यावरचे हे पक्षी घड्याळावर जगत नाहीत, पाण्यावर जगतात. ओहोटी लागली की ओली वाळू आणि चिखल उघडा पडतो, त्यात किडे, शिंपले, बारीक खेकडे मिळतात. तेव्हा ते दूरवर पांगून पोट भरतात. भरती आली की ते ताट झाकलं जातं. मग ते उंच उरलेल्या वाळूवर एकत्र येतात, विसावतात, पिसं नीट करतात, खाल्लेलं पचवतात. उधाणाला ही उरलेली वाळू सर्वांत कमी असते. आता आमच्या किनाऱ्यावर अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती भरते ती दुपारच्या थोडं अलीकडे-पलीकडे. कोणत्याही मासेमाराला विचारा, तो तिथीवरून बोटांवर हिशेब करून सांगेल. म्हणजे पक्ष्यांना जेव्हा जागा सर्वांत कमी असते, नेमक्या त्याच वेळी नाश्ता आटोपून पर्यटक पुळणीवर उतरतात. महिन्यांचंही तसंच. कुरव ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. गोव्याचा पर्यटनाचा हंगाम तोच. दोन्ही पाहुणे एकाच महिन्यांत, एकाच वेळी, एकाच वाळूवर.

यातले काही पाहुणे कुठून येतात ते पाहा. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांवर वीण करतो. हिवाळ्यात त्याचं डोकं पांढरं असतं, कानामागे एक काळसर ठिपका तेवढा उरतो. मार्चमध्ये इथंच, आमच्या डोळ्यांसमोर, त्याच्या डोक्यावर तपकिरी टोपी चढायला लागते, आणि ती पुरती चढली की समजायचं, निघायची वेळ झाली. लाट मागे सरली की तिच्या मागे आणि लाट आली की तिच्या पुढे तुरुतुरु धावणारा सँडरलिंग तर थेट उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशातला. एरवी पन्नास-साठ ग्रॅम वजनाचा हा जीव. परतीच्या आधी त्याला अंगात चरबी साठवावी लागते, नाहीतर तो वाटेतच संपेल. त्या चरबीचा एकेक कण ओहोटीत मिळवलेला आणि भरतीत राखलेला असतो. आपण थवा उठवतो तेव्हा ती शिल्लक खर्ची पडते. एकदा उठवल्यानं पक्षी मरत नाही. पण दिवसाला वीस वेळा, आठवड्याचे सातही दिवस, पाच महिने हे चाललं, तर त्याचा हिशेब कुठंतरी हिमालयाच्या पलीकडे चुकता होतो, जिथं आपण बघायला नसतो.

आता खाऊ घालण्याविषयी.

इथं मला सर्वांत जास्त विरोध होतो, आणि तो माझ्याच घरातून होतो. आपण लहानपणी "एक घास चिऊचा, एक घास काऊचा" म्हणत जेवलो. अंगणात दाणे टाकणं, उन्हाळ्यात कठड्यावर पाण्याचं भांडं ठेवणं, पितृपक्षात कावळ्याला पान वाढणं हे सगळं आपल्या अंगात मुरलेलं आहे. पक्ष्याला दोन घास दिले तर त्यात वाईट काय, उलट पुण्यच, असं माझी आई म्हणते आणि तिला उत्तर द्यायला मला बराच काळ लागला.

काकबळीची रीत आठवा. पान वाढतो ते घराबाहेर, पडवीच्या टोकाला किंवा परसात. घरात शिजलेलं, पितरांना आवडणारं अन्न असतं. ते ठेवलं की माणसं मागे सरतात. हात जोडून, गप्प, वाट बघत. कावळा शिवला तर शिवला. नाही शिवला तर घरातला कर्ता माणूस बेचैन होतो, काहीतरी राहून गेलं का म्हणून मनोमन विचारतो, पण कावळ्याच्या मागे धावत नाही, त्याला पकडून पानावर बसवत नाही. त्या सगळ्या विधीत निर्णय कावळ्याचा असतो. माणसाचं काम ठेवणं आणि अंतर राखून थांबणं एवढंच. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी पक्ष्याशी वागण्याची इतकी अदबशीर पद्धत मला दुसऱ्या कुठल्या संस्कृतीत चटकन आठवत नाही.

पुळणीवर शेव उधळून, हातातून उचलायला लावून, त्याचं चित्रण करणं ही त्या परंपरेची पुढची पायरी आहे असं कुणी म्हणालं तर मी ते मान्य करणार नाही. तिथं घास पक्ष्यासाठी नसतोच. तो आमिष म्हणून असतो, आणि पक्षी चित्रात जवळ यावा म्हणून असतो. गेटवेवरून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमागे चिप्सवर झेपावणारे कुरव तुम्ही पाहिले असतील. प्रयागच्या संगमावर नावांमध्ये शेव विकायला असते ती त्यांच्याचसाठी. आता इथल्या डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटींवरही ते सुरू झालेलं मी पाहिलं आहे. तळलेलं, खारट पीठ हे मासे-किडे खाणाऱ्या पक्ष्याचं अन्न नाही. पोट भरतं, पोषण होत नाही, आणि लांबचा प्रवास असतो पोषणावर.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. शेव फक्त कुरव खात नाहीत. सांडलेलं खायला कावळे येतात, घारी येतात, भटके कुत्रे येतात, आणि आले की तिथंच राहतात. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या आमच्या कासवांच्या पुळणी आहेत. ऑलिव्ह रिडले माद्या हिवाळ्यात इथं येऊन अंडी घालतात, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वाळूतून वर येऊन पाण्याकडे सरपटत निघतात. त्या वाटेवर त्यांना उचलणारे कोण? कावळे, घारी, कुत्रे. म्हणजे दुपारी पक्ष्यांना घातलेला घास काही महिन्यांत कासवाच्या पिल्लांच्या वाटेवर जाऊन उभा राहतो.

आणि तिसरी गोष्ट रोगाची. २०२०च्या डिसेंबरात आणि २०२१च्या जानेवारीत हिमाचलमधल्या पोंग जलाशयावर बर्ड फ्लूनं हजारो स्थलांतरित पक्षी मेले. त्यांत मुख्य भरणा पट्टकादंब हंसांचा होता. ज्या रोगानं थवेच्या थवे मरतात आणि जो क्वचित माणसालाही होतो, त्या रोगाच्या काळात रानपक्ष्याला तळहातावरून खाऊ घालणं हे ना त्याच्या हिताचं, ना आपल्या लेकराच्या.

"पण खीचनला तर गावच खाऊ घालतं," असं एका मित्रानं मला सुनावलं. बरोबर आहे. राजस्थानात फलोदीजवळ खीचन नावाचं गाव आहे. तिथं पिढ्यान्‌पिढ्या गावकरी हिवाळ्यात येणाऱ्या कुरजां पक्ष्यांना, म्हणजे करकोच्यांना, दाणे घालतात. जगभरातून माणसं ते बघायला जातात. पण ते कसं चालतं ते बघा. कुंपण घातलेलं चुग्गाघर आहे, दाणे आधी पसरून ठेवतात, आणि माणसं आजूबाजूच्या घरांच्या गच्चीवरून बघतात. पक्षी आत, माणूस बाहेर. तिथंही काकबळीचीच रीत आहे, फक्त ती साऱ्या गावानं मिळून पाळलेली.

जगात दुसऱ्या टोकाचंही एक उदाहरण आहे आणि मला त्याची भीती वाटते. कॅरिबियन समुद्रात अरुबा नावाचं बेट आहे. त्याच्या किनाऱ्यालगत एका हॉटेलच्या मालकीचं छोटंसं बेट आहे आणि तिथल्या पुळणीवर गुलाबी रोहित पक्षी, आपण ज्यांना फ्लेमिंगो म्हणतो, ते पर्यटकांच्या पायांतून फिरतात. मोबाइलवर तुम्ही ती चित्रं नक्की पाहिली असतील. निळं पाणी, पांढरी वाळू, पोहण्याच्या कपड्यातली माणसं आणि त्यांच्या हातून खाणारे रोहित. ते पक्षी तिथं हॉटेलनं ठेवलेले आहेत. त्या चित्रात रान कुठंच नाही, रानाचा रंग तेवढा आहे.

त्याच भागातल्या बोनेर बेटावर मात्र रोहित खरोखर अंडी घालतात. कॅरिबियन रोहितांच्या मोजक्या वीणस्थळांपैकी ते एक. ते ठिकाण आहे मिठागरांमध्ये, पेकेलमेर नावाचं, सुमारे ५५ हेक्टरांचं राखलेलं क्षेत्र. आत जायला मनाई आहे. माणसं रस्त्यावरून बघतात, दूरवर एक गुलाबी रेघ दिसते, आणि तरीही ती बघायला येतात. अरुबाला जाऊन आलेल्या माणसाकडे पक्ष्यासोबतचा फोटो असतो. बोनेरला जाऊन आलेल्यानं पक्षी बघितलेला असतो. गोव्यानं कोणत्या बाजूला जायचं हे आता ठरवावं लागेल, कारण रायबंदरपासून नेरूलपर्यंत मिठागरं आपल्याकडेही आहेत, पक्षी आपल्याकडेही आहेत, आणि "अनुभव" विकणारेही दारात उभे आहेत.

कुणी म्हणेल, पक्षी स्वतःच जवळ येत असतील तर? गॅलापागोसमध्ये काय, प्राणी माणसाला घाबरतच नाहीत! खरं आहे. त्या बेटांवर जमिनीवरचे मोठे शिकारी प्राणी नव्हते, म्हणून तिथले पक्षी भिणं शिकलेच नाहीत. १८३५ साली डार्विन तिथं गेला तेव्हा त्यानं एका शिकारी पक्ष्याला बंदुकीच्या नळीनं ढकलून फांदीवरून हलवलं होतं. पण आज त्या बेटांवर नियम काय आहे? दोन मीटर अंतर. खाऊ घालायला बंदी. ठरलेल्या पायवाटा, सोबत परवानाधारक वाटाड्या. १९५९ पासून तिथं राष्ट्रीय उद्यान आहे आणि बेटांची जवळपास ९७ टक्के जमीन त्यात येते. २०२४च्या ऑगस्टपासून बहुतेक परदेशी माणसांना नुसत्या प्रवेशाचे २०० डॉलर पडतात. जिथं पक्षी आपणहून पायाशी येतो तिथंही माणसाला दोन पावलं मागे राहायला सांगतात. मग लडाखहून थकून आलेल्या, माणसाला भिणाऱ्या पक्ष्यांमध्ये धावत जायला आपण पोराला कसं सांगतो?

आमच्या रापणीवरच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावरच्या, एका म्हाताऱ्यानं हे मला एका वाक्यात सांगितलं होतं. रापण ओढायला सुरुवात झाली की वर घारी आणि कुरव घिरट्या घालायला लागतात. जाळं किनाऱ्याला लागेपर्यंत आसपास उतरतात, निसटलेली, टाकलेली बारीक मासळी उचलतात. माणसं आपल्या कामात, पक्षी आपल्या. मी त्याला विचारलं, हे रोजचे झाले असतील ना तुमच्या ओळखीचे? तो म्हणाला, "तांकां जाय तेन्ना तीं येतात. आमी आपयनांत." त्यांना हवं तेव्हा ती येतात, आम्ही बोलावत नाही. पक्षी आणि माणूस एकत्र असण्याचं याहून जुनं आणि निरोगी नातं आमच्या किनाऱ्यावर दुसरं नाही. सत्तरच्या दशकात ट्रॉलर आले तेव्हा याच रापणकारांनी समुद्र कुणाचा हा प्रश्न रस्त्यावर उतरून विचारला होता. आज वाळू कुणाची, हा प्रश्न आहे.

आणि इथं माझ्या मागणीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप येतो. गोव्याच्या माणसानं पुळणीवरच्या वाटेसाठी हॉटेलांशी भांडणं केली आहेत. किनाऱ्याकडे जाणारी पायवाट अचानक भिंत घालून बंद होते, हे आम्ही पाहिलं आहे. अशात मीच "वाळूला दोरी लावा" म्हटलं, तर उद्या ती दोरी कुणाच्या तरी बागेचं कुंपण बनणार नाही कशावरून? ही भीती मला रास्त वाटते. म्हणूनच ही दोरी कोणत्याही हॉटेलच्या, शॅकच्या किंवा सहलवाल्याच्या हाती असता कामा नये. ती पंचायतीची असावी. जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी लागते. त्या समितीकडे हे काम आपोआप जातं. दोरी तात्पुरती असावी, पाणी उतरलं की निघावी, आणि त्या दोरीच्या आत पंचायतीच्या सरपंचालाही जायची मुभा नसावी. माणसांमध्ये भेद नाही, म्हणून हक्काचा प्रश्न नाही.

कायदा नाही असंही नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात प्राण्याला हाकणं आणि आमिष दाखवणं हे शब्द आहेत. शेव टाकणाऱ्या प्रत्येक बाबाला शिकारी ठरवा, असं मी म्हणत नाही. तो कायदा त्यासाठी केलेला नाही. पण हाकणं आणि आमिष यांच्याकडे कायदा कोणत्या नजरेनं बघतो, हे तेवढ्यावरून कळतं. दुसरीकडे २०१९ मध्ये गोव्यानं पर्यटनस्थळांविषयीच्या आपल्या कायद्यात दुरुस्ती करून पुळणीवर उघड्यावर दारू पिणं आणि स्वयंपाक करणं यांना बंदी घातली. तेव्हा दंड ठेवला होता एकट्याला २००० रुपये, गटाला १०,००० रुपये. म्हणजे वाळूवर काय करायचं नाही हे सरकार सांगू शकतं, ते सांगतही आलं आहे. त्या यादीत रानपक्ष्यांना खाऊ घालणं आणि थवे उठवणं या दोन ओळी घालायला फार मोठी राजकीय हिंमत लागू नये.

तरीही माझा भर दंडावर नाही. कारण मी मोरजीतच पाहिलं आहे की माणसं दोरी मानतात. कासवानं अंडी घातली की वनखात्याची माणसं घरट्याभोवती काठ्या रोवून जाळी बांधतात, पाटी लावतात. तिथं कुणी पाय घालत नाही. लहान मुलं दोरीला हात लावून उभी राहतात, हळू आवाजात प्रश्न विचारतात. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेऊन कासवं राखायला सुरुवात केली, आणि पुढे तिथं कासव महोत्सवच सुरू झाला. पहाटे, दोरीच्या पलीकडे, पुण्या-मुंबईची माणसं ओळीनं उभी असतात आणि वीतभरसुद्धा नसलेली पिल्लं समुद्राकडे जाताना बघतात. गावातल्या घरांत राहतात, गावच्या बायकांच्या हातचं जेवतात, पैसे गावात राहतात. कुणाला कासव हातात घ्यायला मिळत नाही आणि त्याची कुणी तक्रारही करत नाही.

बोटवाल्यांचं काय, असा प्रश्न येणारच, आणि तो यायलाच हवा. ज्याच्या डोक्यावर बोटीच्या इंजिनाचं कर्ज आहे, त्याला नीतीचे धडे देणं सोपं असतं. पण पक्षी दाखवून पैसे मिळवता येतात हे गोव्याला नवीन नाही. राज्यात पक्ष्यांच्या साडेचारशेहून अधिक जातींची नोंद आहे. परदेशी पक्षीनिरीक्षक कित्येक वर्षं येथे येतात, झुवारीच्या कांदळवनांत बोटीनं फिरतात, चोडणला जातात. चोडण बेटावरचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य अवघं १.७८ चौरस किलोमीटरचं आहे. रायबंदरहून फेरीनं दहा मिनिटांत पोहोचता येतं, आणि तिथल्या अरुंद पाण्यात होडी वल्हवत नेणारा माणूस गप्प कसं राहायचं ते पर्यटकाला न सांगता शिकवतो. त्याच्या होडीत शेव विकावी लागत नाही. कुडचड्याजवळचं नंदा तळं २०२२ मध्ये गोव्याचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. ४२ हेक्टरांच्या त्या तळ्याभोवती पक्षी दाखवणारी गावातली मुलं उभी राहिली तर त्यात कुणाचं नुकसान आहे? मोरजीतल्या तरुणाला एक बरी दुर्बीण, एक तिपाई आणि चार महिन्यांचं शिक्षण दिलं, तर दोरीच्या अलीकडे उभा राहून तो जे दाखवेल ते शेवेच्या पाकिटानं कधीच दिसणार नाही. कुरवाच्या कानामागचा तो ठिपकासुद्धा.

एक गोष्ट आमच्यासारख्यांनाही लागू आहे. हातभर लांब लेन्स लावून वाळूवर पोटावर सरपटत थव्याकडे सरकणारे, आणि उडताना चांगला फोटो मिळावा म्हणून शेवटी उठून उभे राहणारे, हे सगळे पक्षिप्रेमीच असतात. मी त्यांच्यातच वाढलो. दोरी लागली तर ती आधी आमच्यासमोर लागावी.

घाई का, हेही सांगतो. २०२४ मध्ये गोव्यात १ कोटीहून अधिक पर्यटक आले. २०११च्या जनगणनेत आमची लोकसंख्या १५ लाखांच्याही आत होती. मोपाचा विमानतळ २०२३च्या जानेवारीत सुरू झाला आणि तो पेडण्यातच, म्हणजे मोरजी-मांद्र्याच्याच तालुक्यात आहे. उत्तरेकडच्या पुळणी कालपर्यंत लांब होत्या, आज विमानातून उतरून तासाभरात माणूस वाळूवर असतो. मोरजी-मांद्र्याच्या पाण्यावर आता पतंगाच्या दोरीनं फळीवरून धावणारे काइटसर्फर दिसतात. आकाशातून मोठी सावली झपकन सरकली की पक्ष्याला ती ससाण्याचीच वाटते. वाळूवर गाड्या घालायला बंदी आहे, तरी गाड्या येतात. हे सगळं एकेकटं लहान असतं, आणि म्हणूनच कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

म्हणून मागणी लहान ठेवली आहे. तेरेखोल नदीचं मुख केरीच्या बाजूनं, शापोऱ्याचं मुख तेंबवाड्याच्या बाजूनं, साळ नदीचं मुख मोबोरला आणि दक्षिणेला गालजीबाग. चार जागा. सुमारे १०५ किलोमीटरच्या किनाऱ्यातले काही शे मीटर. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत, दिवसा जी भरती येते तिच्या अलीकडे दोन तास आणि पलीकडे दोन तास. अष्टमीच्या सुमारास भरती सकाळी लवकर आणि संध्याकाळी येते, तेव्हा दुपारभर दोरी लागणारच नाही. त्या चार तासांत उरलेला सगळा किनारा पोहायला, खेळायला, फोटो काढायला मोकळा. ओहोटी लागली, पक्षी पांगले की ती वाळूही मोकळी. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासानं पुढे सरकते, म्हणून पाटीवर वेळ खडूनं लिहावी लागेल. शाळेतल्या मुलांना हे काम दिलं तर तिथी, चंद्र आणि पाणी यांचं नातं त्यांना पुस्तकाशिवाय कळेल.

आमच्या पंचायतीच्या येत्या ग्रामसभेत मी हे लेखी देणार आहे. खर्चाचा अंदाजही सोबत जोडला आहे. बांबू गावातच मिळतील. नारळाच्या काथ्याची दोरी, प्लॅस्टिकची नको. दोन फळ्या, एक मराठी-कोकणी आणि एक हिंदी-इंग्रजी. पाळीनं उभे राहायला चार जण लागतील. त्यांपैकी एकाचं नाव आधीच ठरलं आहे. त्या म्हाताऱ्या रापणकाराच्या नातवानं, मी विचारायच्या आधीच, पहिला महिना आपण उभे राहू असं सांगितलं आहे.